बंधाऱ्यावर फूटभरच पाणी आहे, दुचाकी घालावी का?

भोजहून कारदग्याला सासुरवाडीला जायचंय, दूधगंगा नदीच्या बंधाऱ्यावरून फूटभर पाणी वाहतंय, गावातली पोरं ट्रॅक्टर घालताहेत, मग आपणही दुचाकी घालावी का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको. त्या पोरांचंही काही खरं नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात आभाळ बघून पाण्याचा अंदाज येत नाही. इथं ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढतच असतं, कारण दूधगंगा-वेदगंगेचा पाऊस तिकडं राधानगरी-भुदरगडच्या डोंगरात पडतो. वरून काळम्मावाडी, पाटगाव धरणांचा विसर्ग. खाली कृष्णा भरलेली असली की दूधगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो. म्हणजे सकाळी कसेबसे पलीकडं गेलात तरी संध्याकाळी परत येता येईलच असं नाही.

आणि फूटभर पाणी थोडं नसतं. सहा इंच वाहतं पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं, फूटभरात छोटी कार उचलली जाते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट बसतो. त्यात पाणी गढूळ, खालचं डांबर उखडलंय की भराव वाहून गेलाय, काठावरून कळत नाही.

खानापूरकडं जंगलातले नाले जसे चढतात तसे भराभर उतरतात, तिथं काही तास थांबून वाट मोकळी होऊ शकते. दूधगंगेचं तसं नाही, तिला उतरायला दिवस लागतात. तेव्हा काठावर ताटकळू नका, गाडी वळवा. सासुरवाडीला फोन करा, पावसाळा त्यांनाही काही नवा नाही.

लांबचा रस्ता धरण्याआधीही चौकशी करा. 2019 च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्यानं बंद पडला होता. मी तरी आधी बसस्टँडवर कंट्रोलरला विचारतो. ज्या मार्गाची बस बंद, त्या मार्गाला आपण जायचं नाही. पोलिसांनी बॅरिकेड लावलं असेल तर विषयच संपला. कुणी अडकलेलं दिसलं तर पाण्यात उतरू नका, 112 ला फोन करा आणि काठावरून दोर किंवा हवा भरलेली ट्यूब टाका.

पाणी ओसरल्यावरही पहिल्या दिवशी घाई नको. रस्त्यावर गाळ बसतो, त्यावरून दुचाकी साबणावरून घसरावी तशी घसरते, आणि कडेची काळी माती आतून पोकळ झालेली असते. मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या शेतातल्या, पाण्याच्या मोटारीची पेटी भिजली असेल तर विजेची लाईन बंद असल्याची खात्री केल्याशिवाय हात लावू नका.