'कात टाकली' की 'कायापालट झाला'?

प्रश्न असा आहे: हल्लीच्या कवितांत माणूस आतून बदलला की 'कात टाकली' असं सर्रास येतं. तिथे 'कायापालट झाला' म्हटलं तर काय बिघडतं? शिवाय, आयुष्य 'क्षणिक' म्हणावं की 'क्षणभंगुर'?

बिघडतं ते क्रियापदात. कायापालट होतो, नाहीतर कुणीतरी करतं. कात मात्र ज्याची त्यानेच टाकायची. कवी ना. धों. महानोरांच्या 'मी रात टाकली, मी कात टाकली' (चित्रपट 'जैत रे जैत', 1977) या ओळीत 'माझा कायापालट झाला' घालून बघा. लय तर जातेच, पण ते 'टाकणं' अंगावर घेणारी बाईही ओळीतून निघून जाते. बातम्यांत 'बसस्थानक कात टाकणार' असं छापतात. तिथे खरं तर कायापालटच हवा. रंग काढणारे दुसरेच असतात ना!

कात टाकण्यापूर्वी सापाच्या डोळ्यांवर दुधी-निळसर झाक येते. जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव साचतो, त्यामुळे त्याला धड दिसत नाही. मग तो तोंड खरखरीत जागी घासतो. ओठांपाशी सुटलेली कात पायातला मोजा ओढावा तशी उलटी होत निघते, डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांसकट. कवितांत बहुतेकदा नुसती नवी झळाळी येते. मधले न दिसण्याचे दिवस फारसे कुणी लिहीत नाही. आणि साप हे जन्मभर पुन्हापुन्हा करतो. म्हणून 'कायमची कात टाकली' हे मला खटकतं. नवी कातडीही पुढची कातच की! गीतेतल्या 'वासांसि जीर्णानि'मध्ये (2.22) जुनं वस्त्र सोडायचं ते देह सुटल्यावर. कात याच देहात, जगता जगता टाकायची. स्वतःच्या बदलाबद्दल लिहिणाऱ्याला ती जास्त जवळची वाटते, ती बहुधा यामुळेच.

जाता जाता: ही कात स्त्रीलिंगी, खैराचा कात पुल्लिंगी.

आता दुसरं. 'क्षणिक' म्हणजे क्षणभर टिकणारं: राग, मोह, झुळूक. 'भंगुर' म्हणजे सहज मोडणारं. ऐंशी वर्षं जगलेल्याचं आयुष्य क्षणिक म्हणवत नाही, पण क्षणभंगुर ते होतंच; कारण ते किती टिकलं हा मुद्दा नसून कुठल्याही क्षणी मोडू शकत होतं, हा आहे. तेव्हा आयुष्याला क्षणभंगुर. फक्त 'भंगूर' असा दीर्घ 'गू' काढू नका. शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे, 'गु' ऱ्हस्वच.