आजोबांच्या पापाची शिक्षा माझ्या मुलाला भोगावी लागेल का?

काही वर्षांपूर्वी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीतील ताई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. त्यांच्या संमतीने, पण ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून, हा अनुभव लिहीत आहे. कारण त्यांनी विचारलेला प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला वारंवार विचारला जातो.

ताईंचे आजोबा दारूपायी जमीन गमावून बसले होते, आणि शेवटची वीस वर्षे त्यांनी उपासनेला पाऊलही टाकले नव्हते. वडिलांनी तीच वाट धरली आणि पन्नाशीच्या आत ते गेले. आता ताईंचा सतरा वर्षांचा मुलगा एका रात्री पिऊन घरी आला होता. त्याच आठवड्यात बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी त्यांना सांगितले होते की, घराण्यावर पिढीजात शाप आहे आणि तो तोडण्यासाठी एकवीस दिवसांचे उपवास व खास प्रार्थना करून घ्यावी लागेल. "तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, असं शास्त्रातच आहे ना, सर? माझा मुलगा चौथा आहे," असे म्हणून त्या गप्प झाल्या.

बापांच्या अपराधाबद्दल मुलांना तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन करण्याविषयीचे ते वचन पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे, हे मी नाकारले नाही. पवित्र शास्त्रातील अवघड वचन गोड बोलून बाजूला सारले, तर भीती जात नाही, केवळ समुपदेशकावरचा विश्वास जातो. मात्र ते वचन आम्ही दोघांनी सावकाश वाचले. तेथे देवाचा द्वेष करणाऱ्यांविषयी बोलले आहे, आणि लगेच पुढे त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या हजारो पिढ्यांवर दया करण्याचे अभिवचन आहे. शिवाय त्या काळी एका कुटुंबात तीन-चार पिढ्या एकत्र नांदत असत. म्हणजे घरातील कर्त्या पुरुषाच्या अपराधाची झळ त्याच्या डोळ्यांसमोर वाढणाऱ्या नातवंडा-पतवंडांपर्यंत पोहोचत असे. ताई म्हणाल्या, "झळ तर आम्हाला लागलीच." त्यांचे म्हणणे खरे होते. इस्राएल लोकांनी देवाने देऊ केलेल्या कनान देशात जाण्यास नकार दिला, तेव्हा ज्या मुलांनी काहीही केले नव्हते त्यांनाही बापांसोबत 40 वर्षे रानात काढावी लागली. आईबापांच्या अविश्वासाचे परिणाम मुलांच्या वाट्याला येतात, हे शास्त्र कोठेही लपवत नाही. परंतु रानात वाढलेली तीच पिढी पुढे यहोशवा या नेत्याबरोबर यार्देन नदी ओलांडून कनानात गेली. परिणाम भोगणे आणि दोषी ठरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बापाच्या पापासाठी मुलाला जिवे मारू नये, असा स्पष्ट नियम शास्त्रातील अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे, आणि यहूदाचा राजा अमस्या याने आपल्या बापाच्या मारेकऱ्यांच्या मुलांना त्याच नियमाला धरून सोडून दिले.

मला ताईंच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा वाटला तो यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय. बाबेलात बंदिवान होऊन पडलेले लोक एक म्हण म्हणत असत: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. ही म्हण यापुढे इस्राएलात चालणार नाही, असे परमेश्वर तेथे सांगतो आणि मग तीन पिढ्यांचे उदाहरण देतो: नीतिमान बाप, त्याचा हिंसक मुलगा आणि त्या हिंसक माणसाचा मुलगा. हा तिसरा सुटतो कसा, तर बापाने केलेली सर्व पापे तो पाहतो, आणि पाहून तशी करत नाही. बापाच्या नावाने त्याच्यासाठी कोणता विधी झाला, असा एकही शब्द त्या अध्यायात नाही.

येथे मी ताईंना विचारले, "तुमच्या मुलाने काय पाहिले आहे?" उत्तर यायला वेळ लागला. मुलाला सांगण्यात आले होते की, आजोबा कावीळ होऊन गेले आणि पणजोबांची जमीन भाऊबंदांनी हडपली. दारू हा शब्द त्या घरात उच्चारलाच जात नसे. त्या दिवशी मी याकोबाच्या घरची हकिकत काढली. इस्राएल लोकांचा पूर्वज याकोब याने आपण थोरला भाऊ आहोत असे भासवण्यासाठी करडांची कातडी अंगाला बांधून आंधळ्या बापाला फसवले. पुढे त्याच्याच मुलांनी आपला भाऊ योसेफ याला विकून टाकले आणि त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून, त्याला श्वापदाने खाल्ले असे बापाला भासवले, आणि ते खोटे सुमारे 22 वर्षे त्या घरात सर्वांसोबत जेवले-झोपले. शापाचा उच्चार तेथे कोणीही केला नव्हता. एका पिढीची सवय पुढच्या पिढीने उचलली होती, एवढेच घडले होते. शरीराचाही यात भाग असतो, हे मी त्यांना सांगितले: दारूच्या व्यसनाकडे असणारा कल काही अंशी आनुवंशिक असतो, म्हणून ज्या घरात असे दोन मृत्यू झाले आहेत, त्या घरातील मुलाला ही माहिती असणे मधुमेहाच्या माहितीइतकेच आवश्यक आहे. त्याला ती न देणे म्हणजे डोळे बांधून त्याला त्याच वाटेवर सोडणे होते.

"पण त्याला सांगितलं तर घराण्याची लाज जाईल, आणि तो म्हणेल, माझ्या रक्तातच आहे," ही त्यांची शंका रास्त होती. तिचे उत्तर मला कोरहाच्या मुलांत सापडते, आणि खरे सांगायचे तर हा भाग वाचताना आजही माझे मन भरून येते. रानातील त्या प्रवासात कोरह नावाच्या लेवीवंशी माणसाने इस्राएलांचा नेता मोशे याच्याविरुद्ध बंड केले आणि धरणीने त्याला गिळले. गणना या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात मात्र एक लहानसे वाक्य आहे: कोरहाचे मुलगे मेले नाहीत. पुढे त्यांचे वंशज मंदिराचे द्वारपाळ व गायक झाले. स्तोत्रसंहिता या शास्त्रातील गीतांच्या पुस्तकात 11 स्तोत्रांच्या मथळ्यांवर त्यांचे नाव आहे, आणि देवाच्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहणे मला अधिक आवडते, असे म्हणणारे चौऱ्याऐंशीवे स्तोत्र त्यांतलेच आहे. लेवीचे, म्हणजे मंदिरसेवा करणारे, कुळ म्हणून त्यांना दुसरे एखादे नाव सहज घेता आले असते. त्यांनी बंडखोर बापाचेच नाव ठेवले आणि त्याच नावाने गायिले.

उपवास करू नका, असे मी ताईंना सांगितले नाही. उपवास त्यांनी केला, पण तीनच दिवस, आणि मुलाशी बोलण्याचे बळ मिळावे म्हणून. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी भरणाऱ्या अल-अनॉनच्या सभेलाही त्या जाऊ लागल्या. एका रविवारी भक्तीनंतर त्यांनी घरच्या पवित्र शास्त्रातील ते पान उघडले, जेथे कुटुंबातील जन्म आणि मृत्यू लिहिलेले होते, आणि प्रत्येक नावापाशी थांबून मुलाला खरे काय घडले ते सांगितले. त्याने फक्त एवढेच विचारले, "आजोबा प्यायचे, तेव्हा तू कुठं बसायचीस?" त्या त्याला मागच्या खोलीत घेऊन गेल्या आणि धान्याच्या कणगीमागची जागा दाखवली.

त्यानंतर चार महिन्यांनी तो पुन्हा एकदा मित्रांबरोबर प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी, ताईंनी काही विचारण्याच्या आत, त्याने स्वतः ते आईला सांगितले, आणि दुपारी दोघे मिळून माझ्याकडे आले.