तेरीज जुळली, तरी नोंद चुकली

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

अकाउंट्सचा गृहपाठ एआयकडून करून घेतला तर बिघडतं काय, असं तू विचारलंस. तू पाठवलेलं उत्तर मी पेन्सिल घेऊन तपासलं.

कापडाच्या व्यापाऱ्यानं दुकानासाठी पाच आसनी छोटी गाडी घेतली. किंमत 8,00,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,44,000. एआयची नोंद अशी: गाडी खाते नावे 8,00,000, इनपुट जीएसटी (खरेदीवर भरलेला कर) नावे 1,44,000, बँक खाते जमा 9,44,000. दोन्ही बाजू जुळल्या, तेरीजही (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी) जुळेल. तरी नोंद चूक आहे.

सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम 17(5)नुसार चालकासह तेरा जणांपर्यंतच्या प्रवासी गाडीवरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे विक्रीवरच्या करातून वजावट, या व्यापाऱ्याला मिळत नाही. (तो गाड्याच विकत असता किंवा ड्रायव्हिंग शिकवत असता तर गोष्ट वेगळी.) म्हणजे सगळे 9,44,000 गाडी खात्यावर पडतात. मग 15 टक्क्यांनी वर्षाचा घसारा 1,20,000 नव्हे, 1,41,600 होतो. आणि चुकीचं क्रेडिट वापरलं गेलं, तर ते 18 टक्के व्याजासह भरावं लागतं.

दोष एकट्या एआयचा नाही. माल कसला, गाडी कशासाठी, हे पुस्तकातलं वाक्य तू टाइपच केलं नव्हतंस. त्या वाक्याची किंमत तुला कळली नाही, याचीच मला काळजी वाटते. व्यवहार वाचताना काय विचारायचं हे हातानं कीर्द-खतावणी केल्याशिवाय अंगात मुरत नाही.

तेव्हा आधी वहीत स्वतः सोडव. मग एआयला उत्तर दाखव आणि 'कोणत्या कलमानं?' असं विचार. ते कलम मूळ कायद्यात उघडून वाच. एआय कधीकधी नसलेलं कलमही ठामपणे सांगतो. सरावाला मात्र त्याच्यासारखा सोबती नाही. रोकड वही आणि पासबुक बनवून त्यात पाच फरक लपवायला सांग, आणि ते शोधून बँक मेळ तू घाल. मी शिकलो तेव्हा असा सराव मिळायला सरांच्या घरी जावं लागे.

उद्या आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकायला, गेलीस की अशिलाचा पॅन, बँक स्टेटमेंट, पगारपत्रक बाहेरच्या एआयमध्ये कधीच टाकायचं नाही. यात सवलत नाही.

रविवारी येताना वही आण. गाडीची नोंद माझ्यासमोर पुन्हा कर, मोबाइल बॅगेत ठेवून.

तुझे सर