पाऊस नाही तरी छत्री कशाला?

या वेळी आलेल्या पत्रांत चार पत्रं सांध्यांच्या दुखण्याची निघाली म्हणून ती एकत्रच घेतलीत. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मला 17 वर्षं रुमॅटॉइड, म्हणजे सांधे सुजून आखडवणारा संधिवात, आहे आणि काठी, वॉकर, व्हीलचेअर तिन्ही घरात आहेत. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, बाकीचं मला.

प्रश्न : ताई नमस्कार, मी कराडची, वय 61. दोन्ही गुडघे गेलेत, उजवा जास्त. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करू पण आधी शुगर खाली आणा, तोवर बाहेर पडताना काठी घ्या. काठी घ्यायची काही हिंमत होत नाही म्हणून दोन वर्षं मी छत्री घेऊन फिरते, लांब दांड्याची, मिस्टरांची जुनी. पावसाळ्यात खपून जातं पण आता डिसेंबरात भिशीतल्या बायका विचारतात, काय गं, पाऊस येणारे का? सून म्हणते आई सरळ काठी घ्या, मिस्टर म्हणतात आत्तापासून काठी? काय करू?

उत्तर : काकू, तुमचं पत्र वाचून आधी खूप हसले आणि मग गप्प बसले, कारण हे मी पण केलंय. माझी छत्री नव्हती, ट्रॉली होती. डी-मार्टमधून एक काडेपेटी आणायची असली तरी मी मोठी ट्रॉली घ्यायचे आणि तिच्यावर रेलून सगळ्या रांगा फिरायचे, तिथे कुणी वळून बघत नाही ना. बाहेर आलं की पार्किंगपर्यंतची चाळीस पावलं मात्र नवऱ्याच्या दंडाला लोंबकळत. म्हणजे आधार मी घेतच होते आणि तुम्हीही घेताच आहात, फक्त ज्या वस्तूचा घेताय ती त्या कामाची नाही.

छत्रीचं टोक गुळगुळीत असतं, टाईल्सवर पाणी सांडलेलं असलं की ते आधी जातं आणि मागून आपण. दांडा मिस्टरांच्या मापाचा. आणि पैज लावते, तुम्ही ती उजव्या हातात धरता, कारण उजवा गुडघा जास्त दुखतो! जवळजवळ सगळे असंच धरतात. काठी धरायची दुखऱ्या पायाच्या उलट हातात, म्हणजे तुमची डाव्या. एरवी चालताना बघा, उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे जातो, तीच लय ठेवायची, दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे. साधं सपाटीवर चालतानासुद्धा गुडघ्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, त्यातला थोडा तरी हाताकडे जातो. दुखऱ्या बाजूलाच काठी धरली की अंग त्याच बाजूला कलतं आणि मग महिन्याभरात कंबर बोलायला लागते, ते माझ्याकडून लिहून घ्या.

माप असं घ्या. रोजच्या चपला घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, सुनेला मनगटावरची घडी बघायला सांगायची, काठीची मूठ तिथे आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर जरासा वाकलेला राहतो, तेवढाच. खांदा वर उचलला जात असेल तर काठी मोठी झाली. अॅल्युमिनियमच्या काठीला खाली भोकं आणि बटण असतं, एकेक भोक वर-खाली करून बघा, घाई नको, दुकानदाराला दोन मिनिटं कंटाळा आला तर येऊ दे. खालचं रबर दर महिन्याला उलटं करून बघायचं, त्याच्या रेघा झिजून टक्कल पडलं की लगेच नवीन घालायचं, स्वस्त मिळतं. मी एकदा हेच टाळलं आणि एका मंगल कार्यालयात, अक्षता पडलेल्या फरशीवर, जेवणाच्या पंगतीसमोर बसकण मारली. उभं करायला चौघं धावले, पण सगळ्यांच्या लक्षात राहिली ती काठी, रबर कुणाच्या लक्षात येणार!

जिन्याचं एक पाठ करून ठेवा : वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना काठी आणि दुखरा पाय आधी. तुमच्या बाबतीत चांगला म्हणजे त्यातल्या त्यात बरा तो डावा. एका हाताला कठडा असेल तर तो धराच. दोन्ही गुडघे सारखेच दुखायला लागले तर मात्र एका काठीवर भागणार नाही, फिजिओला दाखवा.

आता हिंमतीचं. एक कागद घ्या आणि दोन वर्षांत कुठेकुठे जायचं सोडलं ते लिहा, खोटं लिहू नका. माझ्या कागदावर भाजी मंडई होती, माहेरची जत्रा होती, तिसऱ्या मजल्यावरची मावशी होती, नाटक होतं (कारण बाल्कनीच्या पायऱ्या), आणि सगळ्यात खाली माझ्याच बिल्डिंगची गच्ची. यातलं काहीच काठीने बंद पाडलं नव्हतं, तेव्हा तर माझ्याकडे काठी नव्हतीच. काठी आल्यावर मंडई परत सुरू झाली, जत्रा झाली, मावशी मात्र अजून फोनवरच आहे. आणि मिस्टरांना म्हणावं, आत्तापासून कुठे, दोन वर्षं झाली, इतके दिवस फक्त तिला कापड लावलेलं होतं.

प्रश्न : मी डोंबिवलीला असतो, वडील गावी चिपळूणजवळ, वय 74. संधिवाताने गुडघे आणि हातांची बोटं दोन्ही खराब झालीत. दिवाळीत पडले म्हणून मी चांगला महागातला वॉकर पाठवला. परवा गेलो तर त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला. भिंत धरून चालतात पण वॉकर घेत नाहीत, बोललं की चिडतात. कसं समजवायचं?

उत्तर : टॉवेलसाठी नायलॉनची दोरी स्वस्त पडली असती! रागावू नका, पण वॉकर तुम्ही निवडलात, त्यांनी नाही. आधी टेप घेऊन बाथरूमच्या दाराची रुंदी मोजा आणि मग वॉकरची, कोकणातल्या जुन्या घरांत नेमकं इथेच अडतं, वॉकर दाराशी सोडून माणूस भिंत धरून आत जातो आणि पडतो तिथेच. मग उंबरे मोजा. बिनचाकी वॉकर प्रत्येक पावलाला उचलून पुढे ठेवावा लागतो, ज्यांची बोटं आणि मनगटं धरलेली आहेत त्यांना ते दहा पावलांत नको होतं, आणि हे ते तुम्हाला सांगणार नाहीत, चिडतील फक्त. पुढच्या दोन पायांना चाकं असलेला मिळतो तो ढकलायचा असतो. बोटांनी मूठ आवळतच नसेल तर कोपरापासून पुढचा सगळा हात आडवा टेकवायचा पट्टा असलेला प्रकारही मिळतो, मनगटावर भार येत नाही. मुठीवर जाड फोम गुंडाळला तरी फरक पडतो, सायकलच्या दुकानात मिळतो तोसुद्धा चालतो.

एक चूक सगळ्यांच्या घरी होते, खुर्चीतून उठताना वॉकर धरून स्वतःला ओढायचं. वॉकर अंगावर येतो. हात खुर्चीच्या हातांवर टेकवून उठायचं, उभं राहिल्यावर मग वॉकर. खुर्ची बुटकी असेल तर तिच्या पायांखाली पक्के ठोकळे द्या, संडासात कमोड नसेल तर कमोड चेअर आणा आणि भिंतीला आधाराचा दांडा बसवा, स्क्रूने, तो रबरी चिकटणारा नको. पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ येतं, तिथे वॉकर असो नसो, ती वाट घासून घ्यावीच लागते.

आणि "बाबा, वॉकर!" असं लहान पोराला ओरडतात तसं घरात कुणी ओरडू नका. त्यांना विचारा कुठे जायचंय. पारावर पेपर वाचायला जात असत ना? मग पारापर्यंत जायला काय लागेल ते त्यांनाच ठरवू दे, दुकानात त्यांना घेऊन जा, चार वॉकर हातात धरून बघू दे. पुढे एक पिशवी लावा, चष्मा, पेपर, पानाचा डबा जाईल एवढी. माझ्या सासऱ्यांनी वॉकर स्वीकारला तो त्या पिशवीसाठी, हे ते शेवटपर्यंत कबूल करत नव्हते.

प्रश्न : वय 29, नाशिक. सहा वर्षं रुमॅटॉइड आहे. काही दिवस काठी लागते, काही दिवस नाही. ऑफिसमध्ये म्हणतात काल तर बरी होतीस. घरचे म्हणतात लग्नाचं बघतोय, काठी कुणाला दिसू देऊ नकोस. आता सगळे वणीला जाणार आहेत, मी नाही म्हणाले. व्हीलचेअरची तर भीतीच वाटते.

उत्तर : अगं, काल बरी होतीस हे अगदी खरंय आणि आज नाहीस हेही खरंय, हा आजार असाच चढतो-उतरतो, सकाळी पेस्टचं टोपण उघडत नाही आणि दुपारी तीच बाई पोळ्या लाटते. तू दर वेळी पुरावा देत बसू नकोस. मी एकच वाक्य ठेवलंय, "आज काठीचा दिवस आहे", आणि पुढे विषय बदलते. फक्त वाकडी गोल मूठ घेऊ नकोस, सगळा भार मनगटाच्या एका कडेला येतो, तळहाताच्या आकाराची रुंद मूठ मिळते, ती डाव्या-उजव्या हाताची वेगळी असते म्हणून घेताना बघून घे. आणि काठी जास्त दिवस लागायला लागली तर आधी डॉक्टरकडे जा, औषध कमी पडतंय का ते बघायला.

वणीला जा. सप्तशृंगीला आता ट्रॉली आहे, सगळ्या पायऱ्या चढायची गरज नाही. व्हीलचेअरचं खरं सांगते, पहिल्यांदा बसले तेव्हा वाईट वाटलं, आणि चहावाल्याने माझ्या डोक्यावरून नवऱ्याला विचारलं, ह्यांना साखर चालते का? मी म्हटलं दोन चमचे घाल. पण त्या दिवशी अख्खं प्रदर्शन बघितलं आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळले नाही, ते मला त्या चहावाल्यापेक्षा जास्त लक्षात आहे. चालता येतं त्यानेही लांबच्या अंतराला खुर्ची वापरली तर कुणाचं काही बिघडत नाही. स्टेशनवर, एअरपोर्टवर मागितली की मिळते, फक्त आधी सांगून ठेवायची.

लग्नाचं म्हणशील तर काठी लपवता येईल गं, सकाळचे आखडलेले हात कसे लपवणार? बघायला येणाऱ्यांना पहिल्याच भेटीत सांग, जे उठून जातील त्यांचे पोहे वाचले.

प्रश्न : या सगळ्याला सरकारी मदत मिळते का? – एक वाचक, बीड

उत्तर : मिळते. 65 किंवा जास्त वय आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी एकदा 3000 रुपये थेट बँक खात्यात येतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे, त्यात गरीब घरातल्या 60 वर्षांवरच्यांना शिबिरात तपासून काठी, वॉकर, व्हीलचेअर फुकट देतात, ही साधनं कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी पुरवते. शिबिरात माप नीट घ्यायला लावा, मिळाली म्हणून लांबडी काठी घरी आणू नका. वय कमी असेल आणि सांध्यांमुळे हालचाल बरीच कमी झाली असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, 2016 च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात बऱ्याच सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं, टक्के किती ते सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तपासून ठरवतात.

आणि कराडच्या काकू, छत्री टाकू नका, पण जूनमध्ये एका हातात काठी, दुसऱ्यात छत्री आणि भाजीची पिशवी दातात, असं होणारे तुमचं. आत्ताच एक रेनकोट घेऊन ठेवा, पुढून बटणांचा, डोक्यातून घालायचा नको, खांदे पण दुखत असतील.