एनक्लेक्स 85 प्रश्नांवर बंद झाली, निकाल अजून नाही. पास समजू की नापास?

तुम्ही लिहिलंय की काल मुंबईला एनक्लेक्स, म्हणजे अमेरिकेत नर्स म्हणून काम करायच्या परवान्याची परीक्षा दिली, 85 व्या प्रश्नानंतर स्क्रीन बंद झाली. क्लासमधल्या मैत्रिणी पास म्हणतायत, तुम्हाला मात्र चुकलेलीच उत्तरं आठवतायत, आणि इकडे नाशिकला घरचे तासातासाला विचारतायत. मी इथेच एका आयसीयूत सिस्टर आहे. माझीही पहिल्या वेळी 85 लाच बंद झाली होती. क्लासवाल्यांनी पेढे मागितले. मी नापास होते.

घाबरवत नाहीये. तुमच्याबरोबर 85 ला उठलेली दुसरी कुणी पासही झालेली असेल. तुम्ही पासच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची मशीनला 95 टक्के खात्री झाली की ते थांबतं. वर की खाली, ते काही त्या आकड्यावरून कळत नाही. खात्री होत नसेल तर 150 पर्यंत ताणतं. शिवाय त्या 85 मधले 15 प्रश्न धरतच नाहीत, पुढच्या परीक्षांसाठी ते नुसते आजमावून बघतात. आणि ते 15 कुठले, देव जाणे.

चुकलेलीच आठवतात त्यालाही कारण आहे. बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. म्हणजे निम्मे चुकतील असेच प्रश्न ते मशीन शोधून शोधून देतं. हुशार पोरगीसुद्धा बाहेर येऊन रडते. आपल्याला सवय आरोग्य विद्यापीठाच्या पेपरची: बाहेर पडलं की जिन्यातच उत्तरं जुळवून मार्क काढायचे. इथे तो हिशेब लागत नाही.

परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन कंपनीच्या साइटवर पुन्हा नोंदणी करून बघायची, नोंदणी घेतली नाही तर पास समजायचं, ही युक्ती तुम्हालाही कुणीतरी सांगितली असेलच. नका करू. ती अधिकृत नाही, आणि कार्डावरून फी गेली तर डोक्याला वेगळाच ताप. मी केली होती. नाईटला, पहाटे तीन वाजता, औषधांच्या ट्रॉलीवर मोबाईल टेकवून कार्डाचा नंबर टाकत होते. मागून मावशींचा आवाज, "सिस्टर, चार नंबर बेडचा औषधाचा पंप कधीचा वाजतोय." आयसीयूत पंप वाजतोय आणि मला ऐकू आला नाही! बीपी टिकवून धरणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिनची सिरिंज संपत आली होती. वेळेत बदलली, पेशंटला काही झालं नाही. मोबाईल लॉकरमध्ये टाकला तो सकाळच्या हँडओव्हरनंतरच काढला.

अमेरिकेतल्या ज्या राज्यासाठी अर्ज केलाय, तिथलं नर्सिंग बोर्ड क्विक रिझल्ट, म्हणजे अधिकृत निकालाआधीचा अनधिकृत निकाल, देत असेल तर साधारण 48 तासांनी, कामाचे दिवस धरून, 7.95 डॉलर भरून बघा. सगळी बोर्डं देत नाहीत. नसेल तर अधिकृत निकालाला सहा आठवडेही लागू शकतात.

नापास आलंच, तर सोबत परफॉर्मन्स रिपोर्ट येतो. मी तो चार दिवस उघडलाच नाही, तेवढे दिवस फुकट गेले. प्रत्येक विषयापुढे रेषेच्या वर, जवळपास किंवा खाली असं लिहिलेलं असतं. मला वाटलं औषधं नडली असणार. नडलं होतं मॅनेजमेंट ऑफ केअर, म्हणजे आधी कुणाकडे बघायचं आणि कुठलं काम कुणाला द्यायचं. आठ वर्षं आयसीयूत काढून!

मग विचार केला तेव्हा लक्षात आलं. पेशंटला धाप लागली की मी आधी बेडचं डोकं वर करते, ऑक्सिजन बघते, मग आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन. हात आपोआप चालतात. पण पर्यायांत "डॉक्टरांना कळवा" दिसलं की डोळे झाकून तेच टिक करत होते, कारण आपल्याकडे न कळवल्याबद्दल बोलणी बसतात. तिकडचा प्रश्न विचारतो, तुम्ही स्वतः आधी काय केलंत? कामं वाटून देण्याचंही तसंच. मावशींना आपण सरसकट सगळं सांगतो. तिथे स्थिर पेशंटला भरवणं, चालवणं, बीपी-टेंपरेचर मदतनीसाला चालतं. असेसमेंट आणि पेशंटला समजावून सांगणं नर्सकडेच. हे उमगल्यावर माझा अर्धा अभ्यास बदलला. रोज थोडेच प्रश्न सोडवायचे, पण चुकलेल्याचं कारण वहीत लिहायचं.

पुन्हा बसायला किमान 45 दिवस थांबावं लागतं आणि फी पूर्ण लागते: 200 डॉलर, वर भारतात सेंटर घेतल्याचे 150. पैशाचं दुःख मला निकालाइतकंच झालं, खोटं कशाला बोलू.

घरच्यांना काय सांगायचं? "निकाल आला की मीच सांगेन, तोवर विचारू नका," एवढंच, आणि एकदाच. दुसऱ्या वेळी मी नवऱ्याशिवाय कुणाला तारीखच सांगितली नव्हती. वॉर्डात मामाकडे कार्यक्रम आहे म्हणून सुट्टी टाकली. 127 ला बंद झालं. संध्याकाळच्या पंचवटीत कसाऱ्यापर्यंत रडत आले, कारण या वेळी तर नक्कीच गेलं असं वाटत होतं. दोन दिवसांनी पास दिसलं, तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती.

उद्या ड्युटी असेल तर सुट्टी टाकू नका. फक्त मोबाईल लॉकरमध्ये ठेवा.