सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप आहे असं नाही

तुमचा सेटअप असा समजलो: घरूनच पंधरा-वीस क्लायंटची जीएसटीची कामं, लॅपटॉप एकच, त्याला १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क कायम जोडलेली आणि गूगल ड्राइव्ह चालू. एवढं पुरे का, असं विचारलंय. माझ्या मते नाही पुरत.

कायम जोडलेली डिस्क म्हणजे लॅपटॉपचाच आणखी एक कप्पा. रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर सी ड्राइव्हबरोबर तीही लॉक होते. चोर लॅपटॉपची बॅग उचलताना डिस्क मागे ठेवत नाही. आणि गूगल ड्राइव्हचं सिंक, म्हणजे इकडचा बदल आपोआप तिकडे नेणं, भलतंच आज्ञाधारक: इकडे चुकून फोल्डर उडवलं की तिकडेही उडतं. तिथल्या ट्रॅशमध्ये ३० दिवस सापडेल, पण मे महिन्यात उडालेलं फोल्डर तुम्हाला आठवणार डिसेंबरात, वार्षिक रिटर्नच्या वेळी.

त्यापेक्षा दोन डिस्क घ्या. एक कपाटात, फक्त बॅकअप घेताना जोडायची आणि झालं की काढायची. दुसरी भावाकडे, बहिणीकडे, कुठेही, पण घराबाहेर. महिन्यातून एकदा अदलाबदल. मी ११ आणि २० तारखेला बॅकअप घेतो, जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची दरमहाची रिटर्न्स भरून झाली की लगेच. वेगळं रिमाइंडर लागत नाही. गूगल ड्राइव्ह बंद करू नका, रोजच्या कामाला ते हवंच.

टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) चालू असताना डेटा फोल्डर नुसतं कॉपी-पेस्ट करू नका, अर्धवट कॉपी होऊ शकते. टॅलीप्राइम या नव्या आवृत्तीत ऑल्ट+वाय दाबून बॅकअपचा पर्याय आहे, तोच वापरा. प्रत्येक वेळी तारखेचं नवं फोल्डर करा, जुन्यावर नवं लिहू नका. जीएसटीची वह्या-कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, त्यामुळे जुनं पुसायची घाई नको.

आता माझा गाढवपणा. टॅलीच्या जुन्या ईआरपी ९ आवृत्तीवरून प्राइमवर आलो तेव्हा डेटाचं फोल्डर बदललं. मी लिहिलेली बॅच फाइल (आपोआप कॉपी करणारी छोटी आज्ञावली) मात्र इमानेइतबारे जुनंच फोल्डर कॉपी करत राहिली. दर वेळी काळ्या खिडकीत फाइली सरकताना दिसायच्या, मी खूश. आठ महिन्यांनी लॅपटॉपची डिस्क बसली. बॅकअप उघडला तर शेवटचं व्हाउचर, म्हणजे टॅलीतली नोंद, आठ महिन्यांपूर्वीचं! क्लायंटकडून बिलांच्या पिशव्या परत मागवल्या आणि बायकोला शेजारी बसवून तीन आठवडे एंट्र्या मारल्या. (ती अजून ऐकवते.)

तेव्हापासून तीन महिन्यांतून एकदा एका क्लायंटचा बॅकअप रिस्टोअर करून बघतो आणि शेवटच्या व्हाउचरची तारीख ताडतो. रिस्टोअर नेहमी वेगळ्या रिकाम्या फोल्डरात करा. चालू फोल्डरात केलंत तर ताज्या डेटावर जुना बसेल.

एक राहिलंच. लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) आधीच चालू असण्याची शक्यता आहे. मदरबोर्ड गेला तर आतली डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असेल. आजच बघा, कागदावर उतरवा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.