पाळी ३३ ते ३५ दिवसांनी येत असेल, तर ओव्हुलेशनचे दिवस कसे ओळखावेत?

तुमची पाळी ३३ ते ३५ दिवसांनी येते, मूल व्हावे म्हणून चार महिने प्रयत्न सुरू आहेत, मैत्रिणीच्या सांगण्यावरून तुम्ही बाराव्या ते चौदाव्या दिवशी ओव्हुलेशन (म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडणे) ओळखण्याचे किट वापरता आणि दर वेळी दुसरी रेघ फिकटच उमटते; त्यामुळे आपल्यात स्त्रीबीज तयारच होत नाही की काय, अशी भीती तुम्ही व्यक्त केली आहे. मी डॉक्टर नाही, पण माझी पाळीही तुमच्यासारखीच उशिरा येत असे, म्हणून हा सगळा हिशेब मी बारकाईने समजून घेतला होता. तुम्ही दिलेल्या माहितीवरून बीज तयार होत नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. तुम्ही चाचणी फार लवकर करत आहात, एवढेच त्यातून दिसते.

चौदावा दिवस हा २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीसाठीचा अंदाज आहे. पाळी सुरू झाल्यापासून बीज बाहेर पडेपर्यंतचा काळ प्रत्येकीचा वेगळा असतो आणि एकाच स्त्रीचाही महिन्यागणिक पुढेमागे होतो. बीज बाहेर पडल्यानंतर पाळी येईपर्यंतचा काळ मात्र बराचसा ठरलेला, बहुधा १२ ते १४ दिवसांचा असतो. जपानमधील ओगिनो आणि ऑस्ट्रियातील क्नाउस या दोन डॉक्टरांनी १९२०च्या दशकात स्वतंत्रपणे हे मांडले. म्हणून मोजायचे ते पुढच्या पाळीच्या तारखेपासून मागे. तुमच्या बाबतीत हा दिवस साधारण १९ ते २३ यांच्या दरम्यान येतो. चौदाव्या दिवशी तुमच्या पट्टीवर गडद रेघ येण्याचे काही कारणच नाही.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट. बीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकते, पण शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून केलेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गर्भधारणा झाली ती बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, या सहा दिवसांतील संबंधांतूनच. त्यामुळे ‘तो एक दिवस’ हुडकत बसण्यापेक्षा पंधराव्या दिवसापासून तेविसाव्यापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवावेत, असे मी तुम्हाला कळकळीने सांगेन. तारीख बघून जवळ येण्याचे दडपण नवरा-बायको दोघांवरही येते, आणि ते या पद्धतीने खूपच हलके होते.

किट वापरायचेच असेल तर सोळाव्या दिवसापासून सुरू करा. अनेक पाकिटांत पाचच पट्ट्या असतात, त्यामुळे मेडिकलमधून एकदम दोन पाकिटे आणलेली बरी. ही पट्टी लघवीतील एलएच हे संप्रेरक मोजते आणि ते थोड्या प्रमाणात नेहमीच असते. म्हणून गरोदरपणाच्या चाचणीत फिकट रेघेलाही अर्थ असतो, तसा तो इथे नसतो. चाचणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली, तरच बीज पुढच्या २४ ते ३६ तासांत बाहेर पडेल असे धरायचे. पट्टी वेष्टनावर सांगितलेल्या मिनिटांतच वाचावी. वाळल्यावर दिसणारा रंग ग्राह्य धरू नये. चाचणीच्या आधीचे दोन तास फार पाणी पिऊ नये, कारण पातळ लघवीत रेघ फिकट येते.

मला स्वतःला किटपेक्षा स्रावाच्या निरीक्षणाचा अधिक उपयोग झाला. पाळीनंतर काही दिवस कोरडे जातात, मग पांढरट, चिकट स्राव दिसतो आणि बीज बाहेर पडण्याच्या सुमारास तो कच्च्या अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक व बुळबुळीत होतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून बोटे हळूहळू लांब केली तरी तार तुटत नाही. ही खूण कित्येकदा गडद रेघेच्याही आधी मिळते आणि तिला पैसे पडत नाहीत.

सकाळचे तापमान घेण्याची पद्धतही तुम्ही विचारली आहे. बीज बाहेर पडल्यावर तापमान साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने चढते, म्हणजे ते घटना घडून गेल्यावरच कळते. शिवाय ते अंथरुणातून उठण्यापूर्वी, रोज एकाच वेळी घ्यावे लागते. ज्या घरात पहाटे नळाच्या पाण्यासाठी उठावे लागते, तिथे हा नेम टिकणे अवघड आहे. जमले नाही तर सोडून द्या.

पाळी ३५ दिवसांच्याही पुढे जाऊ लागली किंवा पट्टी अनेक दिवस सलग गडद येत राहिली, तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पीसीओएसमध्ये, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडामुळे पाळी अनियमित होणाऱ्या विकारात, एलएच मुळातच वाढलेले असू शकते आणि मग पट्टीवर विसंबता येत नाही. तिथे सोनोग्राफीने फॉलिक्युलर स्टडी करून बीजाची वाढ प्रत्यक्ष पाहतात. एरवी वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर आणि त्यापुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून मग तपासणीला जावे, असा सर्वसाधारण नियम आहे. निरोगी तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चार-पाचांत एक इतकीच असते, त्यामुळे चार महिने हा काळ काळजीचा नाही.

तपासणीची वेळ आलीच, तर पहिल्याच भेटीत यजमानांची वीर्यतपासणी करून घ्या. ती स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही, त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावे लागतात इतकेच. बाईच्या रिपोर्टांनी फाइल भरते आणि पुरुषाची एक साधी तपासणी वर्षभर राहून जाते, हे मी आमच्याच नात्यात पाहिले आहे आणि त्याचा मला आजही राग येतो.

आणि फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम घेत नसाल, तर डॉक्टरांना विचारून याच आठवड्यात सुरू करा; बाळाच्या मेंदूचा व मणक्याचा पाया गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो आणि तोवर आपण गरोदर आहोत हे अनेकींना कळलेलेही नसते.